बिनआवाजाचं वाचन

गुपित सांगायचं असलं तरी माझे सासरे ते तीन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत. मी त्यांना मामाजी म्हणायची. कामठीला पावरलूमच्या शेडमध्ये त्यांची सारी उमर गेली आणि त्या खडखडाटात कानांनी बरंचसं ऐकणं सोडून दिलं. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना नागपूरला आमच्या फ्लॅटवर आणलं. नवऱ्याची मौद्याच्या वीज प्रकल्पात शिफ्टची नोकरी, मी घरूनच कंपनीचं काम करणारी, दिवसभर कानाला हेडफोन. घरात बोलायला मोकळं माणूस एकच होतं, ते म्हणजे आमची साडेतीन वर्षांची परी.

दोघांची गट्टी जमली ती पुस्तकांवर. मामाजी चौथी शिकलेले. बर्डीच्या बाजारात फुटपाथवरून चित्रांची पुस्तकं आणायचे आणि दुपारी जेवणं झाली की परीला मांडीवर घेऊन, ओळीखाली बोट सरकवत वाचायचे. "आतं हे अस्वल जंगलात चाललं. काहून चाललं? याची माय कुठं गेली?" परी उत्तर देईपर्यंत पान उलटायचं नाही. एकदा पाऊण तास दोघं एकाच पानावर अडकली होती, कारण परीला झोप लागली होती आणि मामाजींना वाटलं, पोर विचार करते आहे.

पुस्तकातली गोष्ट संपली तरी यांची संपत नसे. वाघाचं हरवलेलं पिल्लू घरी पोचलं की पुस्तक मिटून मामाजी पुढे सुरू. पिल्लानं हातपाय धुतले, मायनं त्याला वरण-भात वाढला. "उपाशी माणसावर गोष्ट संपवू नये, बाई," ते मला सांगायचे. मी म्हटलं, मामाजी, वाघ वरण-भात खात नाही हो. "आपल्या घरी आला तं खाईन," ते म्हणाले.

पण हे सगळं चढ्या आवाजात. माझ्या मीटिंगमधली माणसं विचारायची, तुमच्याकडे भांडण चाललंय का? खालच्या मजल्यावरून निरोप आला. मग एके दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, घरून काम जमतं ना तुम्हाला? मी तडक बाहेर आले आणि म्हणाले, "मामाजी, बंद करा हे वाचणं. घर आहे हे, कारखाना नाही." बोलले ते परीच्या देखत बोलले. "बरं बाई," मामाजी म्हणाले, तेही जमेल तितकं हळू, आणि त्यांनी पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवसापासून घर एकदम गप्प. आधी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन-तीन दिवसांनी तीच शांतता खायला उठली. मामाजी रुसले, असं मी धरूनच चालले. नवऱ्याला फोनवर म्हटलं, "बाबा बोलून नाही राहिले." तो म्हणाला, "तू काही म्हटलं काय त्याईले?" मी म्हटलं, मी काय म्हणणार.

एका दुपारी पाणी प्यायला बाहेर आले तर दोघं पलंगावर समोरासमोर बसलेली. मध्ये पुस्तक उघडं. मामाजींचे ओठ सावकाश, पसरून हलत होते, भुवया वर चढत होत्या, एक हात हवेत अस्वलाचं पोट काढत होता, आणि आवाज म्हणाल तर फक्त पंख्याचा. परी टक लावून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मध्येच तिनंही ओठ हलवून काहीतरी उलट विचारलं आणि दोघं खांदे हलवून हसली.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"वाचून राहिलो," मामाजी म्हणाले. "लूम चालू असली की आम्ही असंच बोलत होतो. तिथं वरडून कोणाले ऐकू येत नाही. समोरच्याचं तोंड पाह्यचं अन् समजायचं. तुले तरास नाही, पोरीची गोष्ट बी होते."

रुसवा त्यांच्या गावीही नव्हता. तेव्हाच मी म्हणायला हवं होतं की नको मामाजी, मोठ्यानं वाचा. नाही म्हटलं. चार वाजता मीटिंग होती.

दोन वर्षं ती दोघं अशीच वाचत राहिली. पुढे पुढे जेवतानाही त्यांचं तेच. माझ्याच घरात, माझ्या ताटासमोर, माझ्या पोटच्या पोरीचं आणि सासऱ्यांचं बोलणं चालायचं आणि मला त्यातलं एक अक्षर कळायचं नाही. काय म्हणाले गं आबाजी, असं विचारलं की परी म्हणायची, "काही नाही." मलाही शिकवा म्हणायची लाज वाटायची. गप्प मीच केलं होतं ना त्यांना. इतकं एकटं मला नवरा नाइट शिफ्टला असतानाही वाटलं नव्हतं.

गेल्या थंडीत मामाजींना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात गळ्याला छेद देऊन श्वासासाठी नळी बसवली आणि त्यांचा आवाज बंद झाला. आयसीयूत एकेकालाच सोडत, लहान मुलांना मुळीच नाही. मोबाईलही बाहेर ठेवावा लागे. मी आत गेले तशी मामाजींनी मान वळवली आणि त्यांचे ओठ हलू लागले. सावकाश, पसरून, परीसाठी हलायचे तसे. बरंच काही बोलले. मध्ये थांबले, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पेन दिलं तर धरवेना. मी मान डोलवत राहिले, समजलं मामाजी, समजलं. मला काहीही समजलं नव्हतं. मग मी त्यांची माफी मागितली. पण त्या खोलीत मला मोठ्यानं बोलवेना. मान खाली घालून हळू बोलले, म्हणजे त्यांना ना ऐकू आलं असणार, ना माझे ओठ दिसले असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

तेरावं झालं, पाहुणे गेले, नवरा कामावर रुजू झाला. मी परीला समोर बसवलं. म्हटलं, आबाजी मला काहीतरी सांगत होते, बघ बरं तुला समजतं का. आणि जसे आठवत होते तसे ओठ हलवले. एकदा, दोनदा, मग आणखी सावकाश. सहा वर्षांची पोर, पण कपाळाला आठी घालून तिनं शेवटपर्यंत नीट पाहिलं. मग जवळ येऊन माझ्या हनुवटीला हात लावला.

"आई," ती म्हणाली, "तू काहीच बोलून नाही राहिली."