अक्षरांना जेवू घालणारी आत्या

आमची आत्या अक्षरांना जेवू घालायची. आमच्या ओवे गावात लग्न ठरलं की घराला रंग लागतो आणि दर्शनी भिंतीवर नवरानवरीची नावं येतात, पार रस्त्यावरून वाचता येतील अशी. ती नावं आत्या काढायची, पदर खोचून, शिडीवर उभं राहून. तिचा 'अ' म्हणजे पोट सुटलेला सासरा, 'ळ' म्हणजे गुबगुबीत जुळी. कुणी बारीक अक्षरं मागितली की करवादायची, "उपाशी अक्षर लग्नाला कशाला? बाळसं नको त्याला?"

ही कला ती शिकली कुठे, तर पनवेलच्या थिएटरबाहेर. तिच्या लहानपणी सिनेमाच्या पोस्टरांवर फुगलेली, कलती, मागे लाल सावली सोडणारी अक्षरं असत. आतला सिनेमा हिने कधी पाहिला नाही. बाहेर उभी राहून नुसती अक्षरं डोळ्यांत भरून आणली. मला अजून नवल वाटतं, कसं जमवलं असेल बाईने!

एकदा नवरीचंच नाव इतकं ऐसपैस झालं, की नवऱ्याला भिंत उरली नाही. नवरीचा बाप डोकं धरून बसला. आत्याने शिडी उचलली आणि नवऱ्याचं नाव कोपऱ्यावरून वळवून बाजूच्या भिंतीवर नेलं. "नवरा हाय तो, जरा वळून येल." वऱ्हाडी आधी कोपऱ्यापर्यंत जाऊन नाव पुरं वाचून आले, मग मांडवात शिरले.

काम संपलं की ती बोटाच्या टोकाने अक्षराची कड चाचपायची. "वाळली भिंत. चहा टाका," असं म्हणाली, की मगच खाली बसायची.

आत्याचं स्वतःचं लग्न झालं नाही. आजोबा लवकर गेले आणि पाठची भावंडं तिने वाढवली, त्यातलेच माझे बाबा. आमच्याकडे भिंतीवर नाव येतं ते लग्नातच. म्हणजे गावभर नावं काढणाऱ्या बाईचं नाव कुठेच नाही! मी विचारलं तर हसायची, "माजी भिंत अजून वाळायचीय, बाय." पण माझ्या लग्नाची भिंत काढून झाल्यावर ती बराच वेळ तिथेच रेंगाळली. "माजं कसं दिसलं असतं गं?" म्हणाली, आणि ब्रश धुवायला निघून गेली.

मी खारघरला जाहिरातीच्या ऑफिसात डिझायनर आहे. तिच्या भिंतींचे फोटो काढून मी त्या अक्षरांचा फॉन्ट बनवला. आज तो पळस्पे फाट्यावर मिसळीच्या पाटीवर आहे, कॉलेजच्या पोरांच्या टी-शर्टांवर आहे. आत्याला हे दाखवलं तेव्हा ती हरखून म्हणाली, "माजी पोरं कुठं कुठं पोचली!"

मग तिला दुखणं आलं, दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हा आम्ही काय ते समजलो. मी बाबांना म्हटलं, "आपल्या भिंतीवर आत्याचं नाव काढू या."

"लग्नाशिवाय? लोक काय बोलतील?" बाबा म्हणाले. थोड्या वेळाने स्वतःच उठले. "शिडी मी धरतो. पिवळा रंग जास्त आण."

तिचीच अक्षरं मोठी छापून मी भिंतीवर गिरवली, रंग भरला, मागे लाल सावली दिली. बायजा. एवढंच, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

दुपारी आत्या रिक्षातून उतरली आणि थबकली. बघतच राहिली. बाबांनी तिला हात दिला.

"'ज' उपाशी हाय," ती म्हणाली.

मी हसले की रडले, मलाच कळलं नाही. बाबांचा हात सोडून ती भिंतीपाशी गेली, बोटाने कड चाचपली. बोटाला पिवळा रंग लागला. "ओली हाय अजून. वाळंपर्यंत मी हितंच बसनार."

खुर्ची आणली. जाणारीयेणारी माणसं थांबत, नाव मोठ्याने वाचत, आणि प्रत्येक वेळी आत्या नव्या नवरीसारखी लाजायची. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. पण त्या संध्याकाळी ती उठली, पुन्हा कड चाचपली, स्वच्छ बोट आम्हाला दाखवलं.

"वाळली गं माजी भिंत. टाका चहा."