मित्राच्या आईचे हात

लंडनच्या हाउन्सलोत मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर उभा राहून मी सौदा करायला शिकलो. माझा भागीदार पुण्याचा, कोडिंगमध्ये हुशार, पण समोरच्याने किंमत विचारली की नुसता घसा खाकरायचा. प्रत्येक मीटिंगआधी म्हणायचा, "तू बोल, मला जमत नाही."

आम्ही दोघांनी बनवलेला गेम सागरगोट्यांचा. फोन समोर उभा करायचा, गोटे उडवल्यासारखा रिकामा हात हलवायचा, की पडद्यावर गोटे उडतात. त्याची आई पिनरला त्याच्याकडे राहायला आली होती. तिने खेळून पाहिलं तर कॅमेऱ्याला हातच ओळखू येईना, कारण तिला कंपवात होता. मग आम्ही रोज दुपारी तिला खेळायला बसवलं, व्हिडिओ काढले आणि थरथरणारा हात ओळखायला प्रोग्रॅमला शिकवलं. ते जमल्यावर अशा रुग्णांच्या हाताच्या व्यायामासाठी एक मोठी कंपनी गेम विकत घ्यायला पुढे आली. सौदा ठरायच्या आधीच म्हातारी गेली.

कंपनीला सगळे व्हिडिओ हवे होते, आमच्याकडे एकही प्रत न ठेवता. भागीदार म्हणाला, एक तरी राहू दे, वर्षश्राद्धाला घरच्यांना दाखवीन. तो मुद्दा मी शेवटपर्यंत धरून ठेवला आणि बोलणी अडली तेव्हा सोडला. त्याच्या बदल्यातच भाव वाढला. सौदा असाच होतो. सही त्यानेही केली, न वाचता.

नंतर त्याने इथल्या मराठी मंडळात सांगितलं की मी त्याची आई विकली. संक्रांतीच्या कार्यक्रमात माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. ज्याच्यासाठी मी भांडलो, त्याने हे करावं.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी तो वॉटफर्डला माझ्या घरी आला. चहा नको म्हणाला. तुझ्या फोनमध्ये चुकून एखादा व्हिडिओ राहिलाय का, असं विचारलं. राहिला होता. मी लावला. त्यात ती खेळता खेळता थांबून मला म्हणते, "अरे, याला मधूनमधून जेवू तरी देत जा, नुसता राबवतोस."

त्याने फोनसाठी हात पुढे केला.

"आधी मंडळात सगळ्यांसमोर शब्द मागे घे," मी म्हणालो.

"आई आहे रे ती माझी."

"घेणार का?"

त्याने हात तसाच पुढे धरला. मी त्याच्या डोळ्यांदेखत व्हिडिओ पुसला, मग डिलीट केलेल्यांतूनही काढून टाकला. करारात तसंच ठरलं होतं. तो बुटाच्या नाड्या बांधत बराच वेळ दारात वाकून बसला. मी दार उघडं धरून उभा होतो.