अंगारग्रहावरची आई

मी तेल्हाऱ्याहून निघाले त्या सकाळी आमच्या दारात दमणी जुंपून उभी होती. बाबा बैलांच्या पुढे, काकू-आत्या ओट्यावर, आणि माझे यजमान, ज्यांना मी लग्नात पुरतं पाहिलंही नव्हतं, ते आत बसलेले. अकोल्याला जाऊन मुंबईकडची गाडी धरायची आणि कल्याणला बदलून पुण्याला जायचं होतं. सगळ्यांना नमस्कार करून झाला. आईला करायला गेले, तर ती अंगणात माझ्याकडे पाठ करून ज्वारी पाखडत बसली होती. मी वाकले. तिनं सूप थांबवलं नाही. एवढंच म्हणाली, "जाय. अन् मांगं पाहू नको."

काकूनं तोंडावर हात ठेवला. कोणीतरी म्हणालं, "अवं, पोरगी चालली, तोंड तं दाखव तिले!" आई वळली नाही. दमणी हलली तेव्हा मी मागे पाहिलंच. ती तशीच होती, हिरव्या लुगड्यातली पाठ, वर-खाली होणारे हात. मला इतका धक्का बसला होता की मी रडले नाही. अकोल्याच्या फलाटावर यांनी मला पाणी प्यायला दिलं, तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की मी वाटेत एक शब्दही बोलले नव्हते.

वऱ्हाडातल्या तुमच्यापैकी जे तिकडेच राहिले त्यांना हे माहीत आहे. जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना प्रत्येकाला असं काहीतरी आपलं आपलं आहे. मी हे लिहिते आहे ते पुढे जे घडलं त्यासाठी. ते मी कुणाला नीट सांगितलेलं नाही.

पुण्यात हे शाळेत विज्ञान शिकवायचे आणि एका मासिकात लिहायचे. माणूस शांत, पण ऐकण्याचा हावरा. जेवणं झाली की विचारायचे, "तुमच्याकडे उन्हाळ्यात काय करतात? तुमची जमीन खरंच इतकी काळी असते?" मला कोण आनंद व्हायचा! सासरी माझ्या गावाची चौकशी करणारं दुसरं कोणीच नव्हतं. मी सांगत सुटायचे. वैशाखात जमिनीला भेगा पडतात, हात आत घातला तर कोपरापर्यंत जातो. विहिरींना पाणी आहे पण खारं. गोड पाणी लांबून आणावं लागतं आणि पाहुण्याला ते पहिल्यांदा देतात. माणसं ठेच्यावर कच्चं तेल ओतून भाकर खातात आणि डोळ्यांतून पाणी आलं तरी "तिखट नाई" म्हणतात. एकदा, बऱ्याच वर्षांनी, मी यांना आईच्या पाठीबद्दलही सांगितलं. ते त्या दमणीतच होते, पण त्यांनी पाहिलं नव्हतं. यांनी नुसता माझ्या हातावर हात ठेवला.

त्यानंतर एका चैत्रात शेजारच्या यमुताईंकडे हळदीकुंकू होतं. आंब्याची डाळ, पन्हं, पंधरा-वीस बायका. यमुताई उत्तम वाचायच्या. त्या म्हणाल्या, "कमलताई, तुमच्या यजमानांची गोष्ट यायला लागली आहे मासिकात, ऐकली का? काय कल्पना आहे बाई!" हे काहीतरी नवीन लिहीत होते एवढं मला माहीत होतं. छापून आल्याशिवाय ते घरात दाखवत नसत. मी कौतुकानं पुढे सरकून बसले.

गोष्ट दूरच्या एका ग्रहाची होती. त्याचं नाव अंगारग्रह. तिथे लढवय्यांची एक जात राहते. तिथली जमीन काळी आणि उन्हानं फाटलेली, पाणी खारट, म्हणून त्या लोकांची जीभही खारट. ते आग खातात आणि "तिखट नाई" म्हणतात.

माझ्या हातातला पन्ह्याचा पेला तसाच राहिला.

यमुताई रंगात आल्या होत्या. ग्रहावरचा सेनापती शिपायाला म्हणाला, "तुले लढाईले जायचं हाय का नाई?" बायका खदखदून हसल्या. यमुताईंनी तो आवाज जाडा करून पुन्हा म्हणून दाखवला. आणि मग आलं ते. अंगारग्रहाचा कायदा असा की मुलगा लढाईला निघाला की आईनं त्याच्याकडे पाठ फिरवायची. त्या ग्रहावरच्या आयांच्या डोळ्यांत पाणीच नसतं.

"शी! आई का राक्षसीण!" एक म्हातारी म्हणाली आणि पुन्हा हशा झाला.

मी उठले. कुंकू न लावताच घरी आले. माझं गाव, माझी माणसं, माझी आई उचलून कुणीतरी आकाशात नेऊन टांगली होती आणि खाली पुणं हसत होतं. आणि ते नेणारा हात तोच होता, जो माझ्या हातावर ठेवला होता.

हे शाळेतून आले. मी विचारलं, "माझी आई राक्षसीण आहे?"

ते पांढरेफटक पडले. "कोणी म्हटलं?"

"यमुताईंच्या ओसरीवर सगळ्यांनी म्हटलं. तुम्ही लिहिलंत, त्यांनी म्हटलं."

"मी थट्टा नाही केली," ते म्हणाले. "मला शूर माणसं हवी होती. मला दुसरी कुठली माहीतच नाहीत."

ते खरं बोलत होते, हे मला आज कळतं. तेव्हा मी एवढंच केलं की त्यांना काही सांगणं बंद केलं. घरात सगळं चालू होतं, पण तेल्हाऱ्याचं नाव निघत नव्हतं. यांनीही पुन्हा विचारलं नाही. महिन्यामागून महिने नवे भाग येत होते आणि मी ते वाचत नव्हते.

त्या हिवाळ्यात धाकट्या भावाचं लग्न ठरलं आणि आम्हांला तेल्हाऱ्याला जावंच लागलं. मध्यप्रांत-वऱ्हाडात ते मासिक कोण घेतंय, अशी मी वाटभर स्वतःची समजूत घालत होते. अकोल्याला आम्हांला घ्यायला बाबा आले होते. बैल सोडून ते यांच्यासमोर आले आणि म्हणाले, "जावाईबापू, त्या अरुकचं मंग काय झालं? दोन भाग झाले, तो त्या परक्या ग्रहावर घायाळ पडून हाय!"

अरुक म्हणजे गोष्टीतला शिपाई. मी बाबांकडे बघतच राहिले.

गावात पोचलो तर त्याहून वेगळंच. गावंडे मास्तर शाळेसाठी ते मासिक मागवायचे आणि दर भाग मारुतीच्या पारावर मोठ्यानं वाचायचे. कापूस वेचून आलेली माणसं तिथे बसून ऐकायची. आम्ही आल्याचं कळलं तसे दहा-बारा जण अंगणात आले. मला वाटलं, आता ही माणसं यांना सोलून काढणार.

शामराव पाटील सगळ्यांत वडील. ते यांच्यापुढे मांडी घालून बसले. "गोष्ट झकास हाय. पण एक चुकलं तुमचं. भेगीत मानसाचा पाय नाई अडकत. बैलाचा खूर अडकते. मानूस पाहून चालते."

"दुरुस्त करतो," हे म्हणाले.

"अन् तो सेनापती आपल्यावानी बोलते, ते लय चांगलं केलं," दुसरा म्हणाला. "नाई तं पुस्तकात आपल्यावानी बोलनारा एक तं गडी राहते, नाई तं येडा. इतं सेनापती!"

सगळे हसले. तेच शब्द, तोच हशा, पण तो अंगावर येत नव्हता. मी दारात उभी होते आणि काय वाटून घ्यावं तेच मला समजेना. इतके महिने मी ज्यांच्यासाठी अपमान सोसला ते खुशीत होते.

फक्त आई पारावर कधी गेली नव्हती. मास्तर म्हणाले की तिनं घरी मात्र बाबांकडून सगळं ऐकून घेतलं होतं. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. जावयासमोर ती बसत नसे. चौकटीला धरून उभी राहिली. पदर कपाळापर्यंत.

"जावाईबापू, एक इचारू का?"

"विचारा ना."

"तुमच्या त्या ग्रहावर, मायनं पाठ फिरवली तं लेकरू परत येते का?"



यांच्या उत्तराची वाट न पाहता आईच बोलली, सगळ्यांसमोर, जणू बाजारभाव सांगतेय अशा आवाजात. "इस्नू लढाईले गेला तवा मी येशीपर्यंत गेली होती. तो दिसेनासा होईस्तोवर पाहत रायली. तो बी मांगं पाहत पाहत गेला. कोनीतरी म्हनलं, असं जानाऱ्याले पाहू नाई, पाय अडकते त्याचा. तो आला नाई. मंग कमळी चालली, तवा मी पाठ फिरवली. कमळी आली. हे पाहा, उभी हाय."

विष्णू माझा थोरला भाऊ. पहिल्या लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याला गेला तेव्हा मी पाळण्यातून नुकती उतरले होते. तो मेल्याची खबर आली नाही, जिवंत असल्याचीही नाही. घरात त्याचं नाव कोणी घेत नसे. आईनं ते सगळं स्वतःच्या डोळ्यांवर घेतलं होतं, हे आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं. बाबांनाही नव्हतं, त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. आणि मी ती पाठ इतकी वर्षं दगडासारखी उराशी बाळगली होती. तिला मी नकोशी झालेय म्हणून तिनं तोंड फिरवलं, असं मी धरून चालले होते.

हे उठून उभे राहिले. "शेवटचा भाग अजून लिहायचा आहे," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"मंग लिवा," आई म्हणाली. "काय लिवता ते मी पाहतो."

लग्न झाल्यावर हे पुण्याला गेले, मी आईजवळ राहिले. जाताना यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की अरुक परक्या ग्रहावर मरतो, असंच पहिल्यापासून ठरलेलं होतं आणि संपादकांनाही तेच हवं होतं. "मी काय करू?" त्यांनी विचारलं.

अंक आला त्या दुपारी आई पारावर आली. बायकांच्या बाजूला, कडेला, माझ्या खांद्याला खांदा लावून बसली. मास्तर वाचू लागले. अरुकची जखम भरत नाही. ज्या यानातून आला ते मोडलेलं आहे. वर्षं जातात. वाटलं, हे मारणार त्याला. मग एका पानावर अरुक अंगारग्रहाच्या काळ्या जमिनीवर उतरतो. केस पांढरे झालेले. दाराशी येतो. आई आत दाराकडे पाठ करून बसलेली आहे, तो गेला तेव्हा बसली होती तशीच. तो म्हणतो, "माय, मी आलो." ती न वळता म्हणते, "हात धू. भाकर थंडी होऊन राह्यली."

गोष्ट संपली.

"खोटं हाय," आई मोठ्यानं म्हणाली.

मास्तरांनी मान वर केली. आईच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तिला रडताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. गावातही कोणी पाहिलं नसावं. तिनं ते पुसलं नाही की पदर पुढे ओढला नाही.

"खोटं हाय ते," ती पुन्हा म्हणाली. "फिरून वाच, मास्तर."

मास्तरांनी पुन्हा वाचलं. "माय, मी आलो" पाशी त्यांचा आवाज बसला, तर ते वाक्य शामरावांनी पाठ म्हटलं.

पुण्यात तो शेवट कुणालाच आवडला नाही. एवढी लढाई आणि शेवटी भाकर, असं लोक म्हणाले. संपादकांनी यांच्याकडे पुन्हा गोष्ट मागितली नाही. यांनीही ग्रहांवर परत लिहिलं नाही. विज्ञानाची पाठ्यपुस्तकं लिहिली. मी परतले त्या दिवशी जेवण झाल्यावर ते काही विचारतील म्हणून मी थांबले. त्यांनी विचारलं नाही. मग मीच सांगायला लागले.

आता आई नाही, बाबा नाहीत, हेही नाहीत. मध्यप्रांत गेला, नकाशे बदलले. तेल्हाऱ्याला माझ्या वाटणीची खोली आहे असं भाऊ सांगायचा. मी ती पाहिलेली नाही. गाव कुठलं विचारलं तर मी तेल्हारा सांगते आणि घर कुठे विचारलं तर पुणं. यात काही विचित्र आहे असं मला कधी वाटलं नाही.

गेल्या महिन्यात त्याच भावाची नात शिकायला माझ्याकडे राहायला आली. पहिल्याच दिवशी पाणी मागताना "मले" म्हणाली आणि तिनं जीभ चावली. मी म्हटलं, "जीभ काहून चावतं वं? हे आपलंच घर हाय."

बोलले आणि मीच दचकले. या घराला मी आयुष्यभर "आमचं घर" म्हणत आले होते. "आपलं" पहिल्यांदाच म्हणाले.