भट्टी ‘ठीक’ म्हणणारं फंक्शन

कर्वेनगरातल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर आमची सॉफ्टवेअर कंपनी होती. त्या काळी पुण्यात दोन खोल्या आणि चार कॉम्प्युटर असले की कंपनी होत असे. मी प्रोबेशनवर होते आणि मला कायम करायचं की नाही, हे आमचा टीम लीड ठरवणार होता. त्या माणसाचा मला आजही संताप येतो.

काम एका फौंड्रीचं होतं. भट्टी प्रमाणाबाहेर तापली की स्क्रीन लाल व्हायला हवी, भोंगा वाजायला हवा. स्क्रीन मी लिहिली. तापमान तपासायचं फंक्शन लीडकडे होतं आणि ते झाल्याचं त्याने क्लायंटला कधीच सांगून टाकलं होतं. दोन्ही जोडायला गेले, तर प्रोग्रॅमचे तुकडे जोडणारा लिंकर अडून बसला : या नावाचं फंक्शन सापडत नाही.

“अहो मॅडम, फाइल कुठे आहे तो पाथ नीट द्या. पुस्तकात असतं ते,” लीड म्हणाला.

मी पाथ तपासले, लायब्ऱ्यांचा क्रम बदलला, सगळं पुसून पुन्हा बिल्ड केलं. दोन दिवस हेच, आणि येता-जाता त्याचे टोमणे. शेवटी एकेक फाइल उघडली. हेडरमध्ये, म्हणजे नावांच्या यादीच्या फाइलमध्ये, फंक्शनचं नुसतं नाव होतं. एकेक फाइल तपासणाऱ्या कंपायलरचं नावावर भागतं. लिंकरला प्रत्यक्ष फंक्शन लागतं, आणि ते लिहिलेलंच नव्हतं! माझ्याआधी ते कुणी वापरलं नव्हतं, म्हणून बोंब झाली नव्हती.

तसं सांगितलं, तर त्याला लाज वाटेल तर शपथ. “उद्या डेमो आहे. रिकामं फंक्शन घाला. ‘ठीक’ एवढंच उत्तर देऊ दे.”

“अहो, मग भट्टी कितीही तापली तरी ते ठीकच म्हणेल.”

“मग तुम्ही जा फुंकर घालायला.”

माझे वडील विदर्भातून येऊन अशाच भट्टीवर राबले. त्यांच्या भाजलेल्या दंडावर कातडी कधी नीट आलीच नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, “‘ठीक’ मी लिहिणार नाही.”

“काहीही लिहा हो. एरर घालवा.”

मग लिहिलं. ‘धोका’. केव्हाही विचारा, तेच उत्तर.

डेमोच्या दिवशी भट्टी बंद, थंडगार, आणि स्क्रीन लालभडक. भोंगा थांबेना. “केबल सैल असेल,” लीड हसत म्हणाला. फौंड्रीचे वयस्कर इंजिनिअर बिचारे केबल बघायला वाकले, तेव्हा मला राहवेना.

“केबलला काही झालेलं नाही, साहेब. तपासायचा भाग अजून लिहिलेलाच नाही.”

ते सावकाश उभे राहिले. “मग तो लिहून आणा. तोवर हे माझ्या भट्टीला लागणार नाही.”

तो भाग मीच लिहिला. चाचणीत भोंगा नेमका वाजला, तेव्हा लीड त्या इंजिनिअरांना म्हणाला, “एवढंसं काम. उगाच बोभाटा केला यांनी.”

त्याच आठवड्यात मला नारळ मिळाला. मला टीममध्ये काम करता येत नाही, म्हणे. बरोबर आहे. त्या टीममध्ये नव्हतंच येत.