उजवीकडची मोकळी जागा

साळवी सर गेल्याचं मला पोस्टमननं सांगितलं. आठवडाभर मी अलिबागला मावशीकडे होते. परतले तर आमच्या मोरवा गावाच्या नाक्यावर त्यानं सायकल थांबवली. "बाई, सरांचं परदेशातनं कार्ड आलंय. आता कुणाला देऊ?" मी म्हटलं, "कुणाला म्हणजे? सरांना!" तो खाली बघायला लागला... तेव्हा कळलं.

त्याला आता दीड महिना झाला. सर मूळचे रत्नागिरीकडचे, मुंबईच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे आणि आमच्या भाईंदरला राहायचे. मला ते आठवतात ते मिठागराच्या बांधावर छत्री उघडून बसलेले. चौदा-पंधरा वर्षं झाली असतील. माझे वडील मिठागरावर मुकादम, मी नुकती मॅट्रिक होऊन टायपिंग शिकलेली. लिहिता-वाचता न येणारी माणसं गोष्टी लक्षात कशी ठेवतात, हे सरांना तपासायचं होतं. पण सर समोर बसले की आमचे कामगार मूग गिळून गप्प. म्हणून ठरलं, की सरांनी लांब बसायचं आणि मी विचारायचं. आज शब्दांची यादी वाचून दाखवायची, उद्या जाऊन किती आठवतात ते लिहून घ्यायचं.

निकाल बघून सर लहान मुलासारखे खूश झाले. तीच यादी दिलेल्या शिकलेल्या कारकुनांच्या आमची माणसं तोडीस तोड निघाली होती! "सुमन, सगळ्यांचे दात घशात घातले गं यांनी!" निबंध परदेशातल्या एका चांगल्या नियतकालिकानं स्वीकारलासुद्धा. कॉलेजात प्रपाठकाची जागा निघाली होती, आणि तिथे निबंध मोजूनच माणूस जोखायचे. या निबंधावर ती जागा सरांचीच, असं जो तो म्हणत होता.

छापायला पाठवायची शेवटची प्रत मी टाइप करत होते. त्यात एक वाक्य होतं, उत्तर देणाऱ्याला कसलीही मदत केलेली नाही, अशा अर्थाचं. माझी बोटंच थांबली. आमच्यात म्हातारं माणूस बोलता बोलता अडलं, की धाकट्यानं पटकन शब्द पुरवायचा. त्याला तसंच अडकू देणं म्हणजे चारचौघांत त्याचा पाणउतारा. मिठागरावरचे म्हातारे बाळूबाबा "न्हाय गो आठवत, पोरी" म्हणत कानकोंडे झाले, की मला राहवायचं नाही. "बाबा, वल्हं कशात मारतान?" "हां, होरी हाय ती!" की मी लिहिलं, आठवलं म्हणून. असं सगळ्यांच्याच बाबतीत. मी मेली मोठी शहाणी!

दोन दिवस ती प्रत मशीनवर तशीच राहिली. मग सरांच्या घरी गेले आणि रडत रडत सांगून टाकलं. सरांनी निबंधाची फाइल मिटली. मग म्हणाले, "डोळे पूस. एक पत्र टाइप करायचंय." निबंध मागे घेतल्याचं पत्र होतं ते. काकू आतून बाहेर आल्या. "अहो, मुलाखत पंधरा दिवसांवर आलीय, वेडबीड लागलंय का?" सर म्हणाले, "मुलाखतीला मी जाईन की. निबंध येणार नाही, एवढंच."

जागा दुसऱ्याला मिळाली. पुन्हा ती निघाली नाही.

पुढच्या वर्षी सर मला घेऊन परत बांधावर. या खेपेला याद्या दोन. एकीला मी तोंडात पदर कोंबून गप्प बसायचं, दुसरीला अडलं की खुशाल सुचवायचं. पहिलीत आमची माणसं फार मागे पडली. दुसरीत इवल्याशा टेकूवर भराभर पुढे आली. "शब्द हरवले नव्हतेच गं," सर म्हणाले. "तू चूक म्हणत होतीस तोच आपला विषय होता." निबंधावर त्यांनी शेजारी माझं नाव घातलं. मी म्हटलं, "सर, माझं नाव नको." तर म्हणाले, "चूक सांगायला आलीस, तेव्हा नाव होतंच की तुला."

उभ्या आयुष्यात सरांचे निबंध मोजून सहा. सहकारी हसायचे. पण या एकाचा आधार लांबलांबच्या लोकांनी आपल्या लिखाणात घेतला. प्रत मागणारी कार्डं यायची, सर ती बिस्किटांच्या डब्यात जपायचे. मागेल त्याला लेखकांनी सही करून प्रत पाठवायची, अशी त्यांच्यात रीत. सर डावीकडे सही करायचे आणि पेन माझ्यापुढे धरायचे. "उजवीकडे तू." मला प्रपाठकाची ती गेलेली जागा आठवायची. मी म्हणायची, "पुढच्या वेळी, सर." ते उजवीकडे मोकळं ठेवून तशीच प्रत पाठवायचे. कधी आग्रह केला नाही, कधी रागावले नाहीत. पुढे शिकायला मला त्यांनीच ढकललं. आज शाळेत शिकवताना एखादं पोर अडलं, तर त्याला टेकू कधी द्यायचा आणि कधी थांबायचं, हे मला कळतं ते त्यांच्यामुळे. हे त्यांना तोंडावर सांगायचं राहिलं, याचं फार वाईट वाटतं.

पोस्टमननं दिलेलं ते शेवटचं कार्ड घेऊन मी काकूंकडे गेले. त्यांनी डबा पुढ्यात ठेवला. वर कार्डं, तळाशी उरलेल्या प्रती. प्रत्येकीवर डावीकडे सरांची सही... आजारपणातली, थरथरलेली. उजवीकडे मोकळं.

"बसून बसून सगळ्यांवर करून ठेवल्या बघ," काकू म्हणाल्या. "म्हणाले, सुमन कधीतरी करेल."

डब्यात त्यांचं पेन होतं. कार्डासाठी एकच प्रत हवी होती. मी सगळ्यांवर सही केली.