एका कागदावर एकच तक्रार

आमचे अप्पा इस्पितळात केसपेपरच्या खिडकीत एकतीस वर्षं बसले. डोळ्यांना हिरवा कागद, हाडांना पिवळा, कातडीला गुलाबी. एखादी बाई गुडघा, खोकला आणि सुनेचा स्वभाव असं सगळं एका दमात सांगू लागली, की अप्पा पेन वर करून म्हणायचे, "बाई, एका कागदावर एकच तक्रार!" शाळा सुटली की मी त्यांच्या मागे स्टुलावर बसून कागदांचे गठ्ठे लावायची. फिनेलचा वास आला की अजूनही मला ते स्टूल आठवतं आणि गलबलून येतं.

आई गेल्यावर चार वर्षांनी अप्पा ढासळू लागले. पायांना मुंग्या, लालभडक जीभ, चालताना तोल जाणं. मी रविवारी जायची, तेव्हा टेबलावर नवी फाईल हजर. पायांसाठी हाडांचे डॉक्टर, जिभेसाठी दातांचे, तोलासाठी कानाचे.

"जिभेचं हाडांच्या डॉक्टरांना सांगितलंत?" मी विचारलं.

"त्यांचा काय संबंध?" अप्पा माझ्यावरच डाफरले.

मी कपाळावर हात मारला. पण पुढच्या रविवारी दार उघडून ते माझ्याकडे नुसतेच बघत राहिले. त्यांना माझं नाव आठवेना.

त्याच आठवड्यात मी सगळ्या तक्रारी एका कागदावर लिहिल्या आणि त्यांना आमच्या जुन्या, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. "हे कसलेच स्पेशालिस्ट नाहीत," अप्पा रस्ताभर कुरकुरत होते.

"म्हणूनच चाललोय," मी म्हटलं.

दवाखान्यातल्या बाकावर बसल्यावर अप्पांनी कागद मागून घेतला, पेन काढलं. माझं शुद्धलेखन सुधारत असतील, असं मला वाटलं. जन्माची खोड.

डॉक्टर शेवटच्या ओळीपाशी थांबले. "अप्पा, जेवता काय?"

"चहा-पाव."

"रात्री?"

"तेच."

"कधीपासून?"

"ही गेल्यापासून." अप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले.

दर रविवारी मी "जेवलात ना?" विचारायची, ते "हो" म्हणायचे, आणि मी खुशाल घरी जायची. मला स्वतःची लाज वाटली.

रक्तात बी-बारा जवळजवळ नव्हतंच. इंजेक्शनं सुरू झाली, आणि रोज संध्याकाळी मी त्यांच्याकडे जेवायला जाऊ लागले. तिसऱ्या महिन्यात त्यांनी जिन्यावरूनच मला नावाने हाक मारली. त्यानंतर ते नऊ वर्षं जगले.

तो कागद माझ्या कपाटात आहे. माझ्या अक्षरातल्या तक्रारींखाली त्यांच्या थरथरत्या अक्षरात एक जादा ओळ आहे: 'जेवायला सोबत नाही.'