पेंटरचं काम

गल्लीत त्याला सगळे पेंटर म्हणत. चित्रकार म्हणावं असं कोणाच्या मनातही आलं नाही. जो शिडीवर चढून दुकानांच्या पाट्या रंगवतो तो पेंटर. जो उशिरा उठतो आणि ज्याच्या पाठीमागे उभं राहून लोक हनुवटी खाजवतात तो चित्रकार. भाषेनेच वाटणी करून ठेवली आहे, तिथे माणसांना कशाला दोष द्यायचा.

अक्षरात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पाटी लिहिण्याआधी खडू फासलेली दोरी ताणून धरायची आणि टण्णकन सोडायची, की फळीवर सरळ रेघ उमटते. दोरीचं एक टोक त्याच्या हातात असायचं, दुसरं बायकोच्या. सगळ्या बाजारपेठेच्या पाट्या त्या दोघांनी अशा दोन टोकांना उभं राहून केल्या. मग छापील फलक आले आणि पेंटरच्या वाट्याला ‘येथे वाहने उभी करू नयेत’ एवढंच उरलं. बायको त्याआधीच गेली होती. ते बरंच झालं, असं तो म्हणायचा, आणि म्हणताना दोरी बोटाभोवती गुंडाळत राहायचा.

ती गेल्यावर त्याने आयुष्यातलं एकमेव चित्र काढलं. प्लायवूडच्या फळीवर, पाट्यांच्याच रंगात. ती दोरीचं टोक धरून उभी आहे, डोळे दोरीवर आहेत, आणि दोरी चित्राच्या कडेबाहेर निघून जाते, जिथे तो असणार. फळी स्वयंपाकघरात टांगलेली असे. मुलगी रविवारी माहेरी आली की आधी चित्रातल्या आईशी बोलायची, मग बापाशी.

मुलीचं सासर खाऊनपिऊन सुखी होतं. विहीणबाईही मनाने वाईट नव्हत्या. पण लग्नाच्या बोलणीत त्या ‘वडील पाट्या रंगवतात होय’ असं म्हणाल्या होत्या, आणि त्यातला तो ‘होय’ पेंटरच्या मनात रुतून बसला होता. मुलगी सुखात होती तरी तो काही निघत नव्हता. एकदा तरी या बाईला आपलं चित्र भिंतीवर टांगलेलं दिसावं, एवढी एकच हाव त्या माणसाला उरली होती.

वस्तीतल्या जुन्या गोदामांत अलीकडे चित्रांच्या गॅलऱ्या निघाल्या होत्या. वर्षातून एका संध्याकाळी रहिवासी मंडळ लोकांना तिथून फिरवून आणायचं. हातात चहाचे पेले घेऊन, घोळक्याने, या दारातून त्या दारात. त्याला कलाफेरी म्हणत. गॅलऱ्यांच्या दारांवर नावं रंगवताना पेंटरने आतलं बोलणं ऐकलं होतं. तिथे चित्राला चित्र म्हणत नाहीत, काम म्हणतात. ‘यांचं काम पाहिलंत का?’ ‘अलीकडचं काम जरा थंड वाटतं.’ त्याला गंमत वाटली होती आणि शब्द डोक्यात राहिला होता.

यंदा मंडळाच्या सेक्रेटरीबाई त्याच्या दारात आल्या आणि घाईघाईत म्हणाल्या, “पेंटर, फेरीला तुमचं काम हवंय बरं का. शेवटच्या गॅलरीपाशी. मोठं, येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेत भरेल असं. फळी तुमचीच आणा.”

पेंटरच्या अंगावर मूठभर मांस चढलं. “कोणतं आणू?” त्याने विचारलं.

“ते का मी तुम्हाला सांगायचं?” असं म्हणून बाई पुढच्या दारी गेल्यासुद्धा.

बाईंनी सरळ ‘पाटी’ म्हटलं असतं तर त्यांची जीभ झिजली असती का? पण त्या त्याच्या भाषेत बोलल्या, आणि नेमका त्याच दिवशी तो त्यांच्या भाषेत ऐकत होता.

त्याने मुलीला फोन केला. “जावईबापूंना घेऊन ये. सासूबाईंनाही. माझं काम लावणार आहेत.”

“कुठलं, बाबा?”

“आईचं.”

 मुलगी म्हणाली, “आम्ही सगळे येतो.”

त्या संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, फळी स्वच्छ चादरीत गुंडाळून तो उजेड असतानाच पोचला. खांद्याला रोजची पिशवी होती, तिच्यात ब्रश आणि काळ्या रंगाचा डबा. पिशवीशिवाय घराबाहेर पडणं त्याला माहीतच नव्हतं. सेक्रेटरीबाईंनी धावत येऊन चादर सोडली आणि त्या बघतच राहिल्या.

“अहो, छान आहे की हे. पण बाण कुठाय?”

“कसला बाण?”

“लोक दरवर्षी इथे चुकतात, मागच्या गल्लीत शिरतात. ‘कलाफेरी इकडे’ आणि ठसठशीत बाण, तेच तर काम तुम्हाला सांगितलं होतं.”

 पेंटरने दारातून आत नजर टाकली. बाईंनी ती नजर ओळखली आणि त्या खरंच ओशाळल्या. “आतल्या भिंती महिन्यापूर्वीच ठरल्यात हो,” त्या म्हणाल्या. मग अलीकडच्या गॅलरीतून माणसांचा आवाज आला. बाईंनी तिकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं, आणि हळूच विचारलं, “मागची बाजू कोरी आहे ना?”

कोणी म्हणेल, नाही म्हणायचं आणि फळी उचलून घरी जायचं. बोलायला काय जातं. येणाऱ्या घोळक्यात विहीणबाई होत्या; त्यांच्यासमोर तमाशा करण्यापेक्षा पाटी रंगवणं त्याला सोपं वाटलं. त्याने बायकोचं तोंड भिंतीकडे केलं. दोरी धरायला कोणी नव्हतं, म्हणून रेघ नुसत्या नजरेने धरली, आणि अक्षरं लिहून बाण काढला. बाण सुरेख आला, आणि ते पाहून त्याला स्वतःचाच राग आला.

घोळका बाण पाहून बरोबर वळला. मुलगी हात हलवून आत गेली. आतलं एकेक चित्र बघत ती हिंडत होती, हे त्याला बाहेरून दिसत होतं. सगळी बाहेर आली तेव्हा विहीणबाई ओल्या अक्षरांपाशी थांबल्या.

“हे तुमचंच अक्षर ना? वळण लगेच ओळखलं मी.” मग म्हणाल्या, “आणि ते चित्र कुठे लावलंय? आम्हाला काही दिसलं नाही.”

त्यांच्या स्वरात कुचकेपणा नव्हता. पण पेंटरला तो जुना ‘होय’च ऐकू आला.

“विकलं गेलं,” तो म्हणाला. “आल्या आल्या एकजण घेऊन गेला.”

“काय सांगता?” विहीणबाईंनी डोळे मोठे केले. “लावायच्या आधीच? मोठे कलाकार निघालात की, व्याहीबुवा.” इतक्या वर्षांत त्यांनी त्याला पहिल्यांदाच व्याहीबुवा म्हटलं.

 मुलीचा चेहरा उतरला होता. सासूबाई आणि नवरा चार पावलं पुढे गेल्यावर ती खालच्या आवाजात म्हणाली, “आईचं तेवढं एकच होतं, बाबा. मला विचारायचं तरी.”

तिथेच, तिच्या हाताशी, फळी भिंतीला टेकून उभी होती. उलटी केली असती तर मुलगी परत मिळाली असती, आणि तो ‘व्याहीबुवा’ गेला असता. पेंटरचा हात पिशवीच्या पट्ट्यावरून हलला नाही. मुलगी वाट पाहून निघून गेली. जाताना तिने ‘रविवारी येते’ म्हटलं नाही.

शेवटचा घोळका गेल्यावर सेक्रेटरीबाई आवराआवर करायला आल्या. “पेंटर, पाटी नेता का घरी? की ठेवून देऊ मंडळाच्या खोलीत, पुढच्या वर्षाला?”

घरी नेऊन ती कोणत्या तोंडाने टांगणार होता? स्वयंपाकघरात मुलीचं येणंजाणं होतं.

“ठेवा,” पेंटर म्हणाला. “फक्त ओल नसेल अशा जागी ठेवा.”